श्वान प्रशिक्षक कसा निवडावा : पहिल्यांदाच कुत्रा सांभाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कुत्रा घरी आला की थोड्याच आठवड्यांत प्रशिक्षकाचा शोध सुरू होतो, आणि नेमका त्याच काळात घरातला प्रत्येक जण थकलेला असतो. रात्रीची झोप झालेली नसते, शेजाऱ्यांच्या तक्रारी कानावर येऊ लागलेल्या असतात, फिरायला नेताना पट्ट्याला बसणाऱ्या हिसक्यांनी खांदा दुखत असतो. अशा वेळी जो कोणी "थोड्याच दिवसांत सरळ करून देतो" असे छातीठोकपणे सांगेल, त्याच्या हाती पट्टा सोपवून मोकळे व्हावेसे वाटते. हा शोध मी स्वतः केला आहे, आणि त्यात जे उमगले ते आपल्याला आधीच ठाऊक असावे म्हणून पुढचे टप्पे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. बहुतेक देशांत श्वान प्रशिक्षक म्हणवून घेण्यासाठी कोणताही परवाना, पदवी किंवा परीक्षा लागत नाही. जर्मनीसारखे अपवाद थोडे आहेत; तेथे ऑगस्ट २०१४ पासून व्यवसाय म्हणून कुत्र्यांना प्रशिक्षण देणाऱ्यास प्राणिसंरक्षण कायद्यानुसार अधिकृत परवानगी घ्यावी लागते. इतरत्र मात्र गळ्यात शिट्टी अडकवून उद्यापासून कोणीही हा व्यवसाय सुरू करू शकतो. त्यामुळे प्रशिक्षकाची पारख करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. माझ्या मते त्यातला कळीचा प्रश्न एकच आहे : आपला कुत्रा चुकेल तेव्हा हा माणूस त्याच्याशी कसा वागेल? बाकीची सारी चौकशी या प्रश्नाच्या उत्तराकडे नेणारी असावी.

१. आधी आपली अडचण नेमक्या शब्दांत लिहून काढा

"कुत्रा हट्टी आहे", "ऐकतच नाही", "फार माजला आहे" अशा वर्णनांचा प्रशिक्षकाला काहीच उपयोग होत नाही. प्रशिक्षकाला घटना हवी असते. उदाहरणार्थ : "दारावरची घंटा वाजली की तो धावत दाराशी जातो, पाहुणा आत येऊन बसेपर्यंत भुंकत राहतो, पाहुण्याने हात पुढे केला तर मागे सरकतो, आणि पाहुणा उठून उभा राहिला की पुन्हा भुंकू लागतो." एवढ्या चार ओळींवरून जाणकार माणसाला कळते की हा कुत्रा उर्मट नसून घाबरलेला आहे, कारण हात पुढे येताच तो मागे जातो आणि भुंकतो ते अंतर राखण्यासाठी. "पाहुण्यांवर भुंकतो" एवढेच सांगितले असते, तर नेमकी हीच गोष्ट निसटली असती.

किमान आठवडाभर वहीत नोंदी ठेवा. प्रत्येक घटनेच्या आधी काय घडले, कुत्र्याने काय केले आणि त्यानंतर घरातल्यांनी काय केले, असे तीन रकाने पुरेसे आहेत. शक्य असल्यास भ्रमणध्वनीवर लहान चित्रफिती घ्या. मात्र चित्रीकरणासाठी कुत्र्याला मुद्दाम चिडवू किंवा घाबरवू नका.

नोंदी झाल्या की आपली गरज कोणत्या प्रकारची आहे ते ठरवता येते. पिल्लाला घरातल्या सवयी लावणे आणि बाहेरच्या जगाची ओळख करून देणे ही एक गरज आहे. मोठ्या कुत्र्याने पट्टा न ओढता चालणे, हाक मारताच परत येणे, जागेवर बसून राहणे ही दुसरी. भीती, चावणे, एकटे राहिल्यावर होणारी तगमग, अन्नाजवळ कोणी आल्यास अंगावर जाणे ही तिसरी, आणि ती पहिल्या दोहोंपेक्षा फार वेगळी आहे. "बस" आणि "थांब" उत्तम शिकवणाऱ्या प्रत्येकाला घाबरलेल्या कुत्र्याचे वर्तन बदलता येतेच असे नाही.

२. प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्य

वर्तनात अचानक बदल झाला असेल तर पहिली भेट पशुवैद्याचीच घ्यावी. सांधे दुखत असलेला कुत्रा अंगाला हात लावला की गुरगुरतो. कानात संसर्ग असलेला कुत्रा गळपट्टा घालताना चावायला येतो. मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे शिकलेला कुत्राही घरात लघवी करू लागतो. या दुखण्यांवर प्रशिक्षणाचा उतारा नाही, आणि दुखणाऱ्या कुत्र्याला शिस्त लावू पाहणे हा त्याच्यावर अन्याय आहे. चांगला प्रशिक्षक चावण्याच्या किंवा भीतीच्या तक्रारीत पहिल्याच संभाषणात "तपासणी करून घेतली का?" असे विचारतो. त्याने ते विचारले नाही, तर तशी नोंद आपल्या वहीत करून ठेवा.

पिल्लांच्या बाबतीत पशुवैद्याशी आणखी एका गोष्टीबद्दल बोलावे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक ओळखीचा असतो. या काळात ज्या माणसांशी, आवाजांशी, जमिनीच्या पृष्ठभागांशी आणि इतर कुत्र्यांशी त्याची सुखाने गाठ पडते, त्यांची भीती पुढे सहसा कमी राहते. "सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढू नका" हा सल्ला सर्रास ऐकू येतो. पण लसी पूर्ण होईपर्यंत हा काळ जवळजवळ संपलेला असतो. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनशास्त्राच्या संघटनेने २००८ च्या निवेदनात म्हटले आहे की सात ते आठ आठवड्यांचे पिल्लू वर्गात जाऊ शकते. मात्र लसीची निदान पहिली मात्रा वर्गाच्या किमान सात दिवस आधी दिलेली असावी आणि जंताचे पहिले औषधही झालेले असावे. आपल्या भागात संसर्गाची स्थिती कशी आहे हे पशुवैद्यच सांगू शकतील, म्हणून निर्णय त्यांच्याशी बोलून घ्यावा.

३. प्रमाणपत्रांचे वाचन

भिंतीवर लावलेली सगळीच प्रमाणपत्रे सारख्या मोलाची नसतात. तीन प्रकार वेगळे ओळखावेत : दोन-चार दिवसांच्या शिबिराला हजर राहिल्याचा दाखला, वर्गणी भरून मिळणारे एखाद्या संघटनेचे सभासदत्व, आणि स्वतंत्र संस्थेने परीक्षा घेऊन दिलेले प्रमाणपत्र. पहिल्या दोहोंवरून फार तर उत्साह दिसतो. तिसऱ्या प्रकाराचे परिचित उदाहरण म्हणजे सीपीडीटी-केए, म्हणजे श्वान प्रशिक्षकाचे ज्ञान परीक्षेने तपासून दिले जाणारे प्रमाणपत्र. त्यासाठी परीक्षेपूर्वी किमान ३०० तास प्रशिक्षण देण्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि पुढे दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. प्रमाणपत्र खरे आहे का, ते अद्याप चालू आहे का, हे देणाऱ्या संस्थेकडे विचारून पडताळता येते, आणि तसे जरूर पडताळावे.

तरीही केवळ प्रमाणपत्रावर विसंबू नये. लेखी परीक्षेतून ज्ञान कळते, हात कसा चालतो ते कळत नाही. उलट, प्रमाणपत्र नसलेला पण सतत शिकत राहणारा, आपण कोणाकडून शिकलो हे मोकळेपणाने सांगणारा माणूस उत्तम प्रशिक्षक असू शकतो. "मी लहानपणापासून कुत्र्यांत वाढलो" एवढेच भांडवल सांगणाऱ्यापासून मात्र सावध राहावे.

कुत्रा माणसाला चावला असेल किंवा त्याची भीती टोकाची असेल, तर पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञाचा शोध घ्यावा. हे तज्ज्ञ आधी पशुवैद्य असतात आणि नंतर वर्तनशास्त्रात विशेष शिक्षण घेतात, म्हणून गरज पडल्यास ते औषधेही देऊ शकतात. त्यांची संख्या फार कमी आहे, त्यामुळे आपल्या पशुवैद्यामार्फत त्यांचा सल्ला मिळतो का ते पाहावे.

४. पद्धत समजून घ्या. सर्वाधिक फसगत इथेच होते

ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एका वाटेवर कुत्र्याने योग्य गोष्ट करताच त्याला हवी असलेली वस्तू मिळते, म्हणजे खाऊ, खेळणे, पुढे चालण्याची मोकळीक. आणि चुकीची गोष्ट घडूच नये अशी परिस्थिती रचली जाते. दुसऱ्या वाटेवर चुकीच्या वर्तनानंतर वेदना, धक्का किंवा भीती येते, म्हणजे चोक चेनचा (ओढताच गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीचा) हिसका, काटेरी गळपट्टा, शॉक कॉलर (विजेचा धक्का देणारा गळपट्टा), जमिनीवर दाबून धरणे. बरेच प्रशिक्षक दोन्हींची सरमिसळ करतात आणि तिला "संतुलित" असे गोड नाव देतात. नावावर जाऊ नका. हातात कोणते साधन आहे आणि ते केव्हा वापरले जाते, ते पाहा.

दुसऱ्या वाटेचे समर्थन बहुधा "तुम्ही कळपाचे म्होरके व्हा, नाहीतर तो डोक्यावर बसेल" या वाक्याने केले जाते. या कल्पनेचा उगम सांगायला हवा, कारण ती ठामपणे मांडली की खरी वाटते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांच्या आपसांतल्या झगड्यांचे वर्णन केले. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे "अल्फा लांडगा", म्हणजे कळपाचा म्होरक्या, ही संज्ञा घरोघर पोहोचली. त्याच मेक यांनी रानातल्या लांडग्यांचे अनेक वर्षे निरीक्षण केल्यावर १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुतांशी आई, वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. तेथे सत्तेसाठी सतत लढाया चालत नाहीत. मुळात लांडग्यांच्या बाबतीतच जी कल्पना टिकली नाही, ती हजारो वर्षे माणसाजवळ राहिलेल्या कुत्र्याच्या मानेवर लादण्यास काहीच आधार उरत नाही.

प्रत्यक्ष परिणामांबद्दलही माहिती उपलब्ध आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की मारणे, उताणे पाडून दाबणे, रोखून पाहणे यांसारखे उपाय ज्या कुत्र्यांवर करून पाहिले, त्यांपैकी किमान चतुर्थांश कुत्र्यांनी आक्रमक प्रतिसाद दिला. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेदनादायी साधने वापरणाऱ्या शाळांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक अधिक वाढलेले आढळले. वेल्समध्ये शॉक कॉलरवर २०१० पासून बंदी आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनशास्त्राच्या संघटनेची २०२१ ची भूमिका तर निःसंदिग्ध आहे : सर्व प्रकारच्या प्रशिक्षणासाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात.

एक धोका विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. धाकाने कुत्रा लवकर गप्प होतो, आणि ते पाहून आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. सूचना देण्याची शिक्षा झाली तर तो सूचना द्यायचे सोडतो. भीती मात्र तशीच राहते. "काही कारण नसताना अचानक चावला" अशा अनेक घटनांमागे आधी दडपलेले गुरगुरणे असते. म्हणून गुरगुरल्याबद्दल शिक्षा करा असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाशी पुढचे बोलणे थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

५. विचारायचे प्रश्न

पहिल्याच संभाषणात पुढील प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या.

• माझ्या कुत्र्याने बरोबर केले तर त्याला काय मिळेल?
• त्याने चूक केली तर नेमके काय कराल? आणि तीच चूक पुन्हा पुन्हा झाली तर?
• याहून सौम्य उपाय आहे का? तो आधी करून पाहाल का?
• कोणती साधने वापरता, आणि कोणती कधीच वापरत नाही?
• माझ्यासारखीच अडचण असलेल्या कुत्र्याबरोबर आपण कसे काम केले?
• घरातल्यांना कोणता सराव दिला जाईल आणि रोज किती वेळ?
• एखादे प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले तर कोणाकडे पाठवता?

दुसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घ्या. "कामाची पातळी सोपी करतो, अंतर वाढवतो, बक्षीस बदलून पाहतो, आपली सूचनाच चुकीची होती का ते तपासतो" अशा आशयाचे उत्तर हवे. "योग्य दुरुस्ती करतो", "दाब देतो", "ऊर्जा दाखवतो", "नेतृत्व घेतो" ही उत्तरे संदिग्ध आहेत. "म्हणजे शरीराने काय करता? करून दाखवाल का?" असे विचारा. सरळ उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर तेच आपले उत्तर समजावे.

निकालाची हमी देणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. सजीवाच्या वर्तनाची हमी कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. आपल्या कष्टाची, वेळेची आणि पद्धतीची हमी देता येते.

६. एक वर्ग स्वतः पाहा, कुत्र्याला न नेता

वर्ग पाहू द्यायला नकार मिळाला आणि त्याचे पटण्याजोगे कारण सांगितले गेले नाही, तर तेथे जाऊ नये. पाहण्याची परवानगी मिळाली, तर प्रशिक्षकाचे बोलणे थोडा वेळ बाजूला ठेवून फक्त कुत्र्यांकडे पाहा. अंग सैल आहे का, तोंड किंचित उघडे आहे का, आपणहून प्रशिक्षकाकडे जातात का? की खाऊ नसतानाही ओठ चाटतात, झोप आलेली नसताना जांभया देतात, डोळ्यांच्या कडांतला पांढरा भाग दाखवत मान फिरवतात, शेपूट पोटाखाली घेतात? ही ताणाची चिन्हे आहेत. एखादे चिन्ह एखाद्या वेळी दिसले तर बिघडत नाही. प्रशिक्षकाला ते दिसते का आणि तो लगेच काय करतो, हे महत्त्वाचे.

मी पाहिलेल्या एका वर्गात कोपऱ्यातली एक तरुण कुत्री बसायची सूचना मिळूनही उभीच होती. तिची नजर पलीकडच्या मोठ्या कुत्र्यावर खिळली होती, तोंड घट्ट मिटलेले होते आणि समोर धरलेला खाऊ ती घेत नव्हती. तिच्या पालकाने सूचना दुसऱ्यांदा, मग अधिक मोठ्या आवाजात दिली. प्रशिक्षिका शांतपणे मध्ये आली, दोघांना काही पावले मागे नेले आणि एक घडीचा पडदा मध्ये उभा केला. थोड्या वेळात कुत्रीने जमीन हुंगली, अंग झटकले, खाऊ घेतला, आणि पुढच्या सूचनेला ती बसली. प्रशिक्षिकेने पालकाला एवढेच सांगितले : "आधी ती ऐकण्याच्या स्थितीतच नव्हती." कोणत्याही जाहिरातीपेक्षा अशा एका प्रसंगातून प्रशिक्षकाची अधिक ओळख होते.

अगदी निश्चल, मान खाली घालून बसलेल्या कुत्र्यांचा वर्ग पाहून भारावून जाऊ नका. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले होते की ज्यातून सुटका नाही असे विजेचे धक्के सोसलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न सोडून पडून राहतात. शांत कुत्रा आणि हरलेला कुत्रा दुरून सारखेच दिसतात.

त्याच भेटीत जागाही पाहून घ्या : जमीन घसरडी नसावी, दोन कुत्र्यांत पुरेसे अंतर असावे, आणि एका प्रशिक्षकामागे सहा ते आठांहून अधिक कुत्रे नसावेत. प्रवेशापूर्वी लसीकरणाची नोंद मागितली जाते का, तेही विचारा.

७. गटात, घरी, की प्रशिक्षकाकडे ठेवून?

निरोगी पिल्लासाठी आणि साध्या सवयींसाठी गटवर्ग चांगला. भीती, आक्रमकता किंवा घरातच घडणारी अडचण असेल तर प्रशिक्षकाने घरी येणे बरे.

कुत्र्याला काही आठवडे प्रशिक्षकाकडे ठेवण्याचा पर्याय सर्वांत सोयीचा वाटतो आणि सर्वांत जोखमीचा असतो. दार बंद झाल्यावर आत काय चालते ते आपल्याला दिसत नाही. शिवाय कुत्रा एका जागी आणि एका माणसाजवळ शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप करत नाही. घरी आल्यावर आपल्यालाच ती पुन्हा शिकवावी लागते. हा पर्याय अपरिहार्यच असेल, तर न कळवता भेट देण्याची मुभा, रोजच्या सत्रांचे न कापलेले चित्रीकरण, राहण्याच्या जागेची आधी पाहणी आणि परतल्यावर घरच्यांसाठी सत्रे या चार अटी लेखी घ्याव्यात. यांपैकी एकही नाकारली गेली तर बेत रद्द करावा.

८. कागदपत्रे, साहित्य आणि करार

पहिल्या सत्राला जाताना लसीकरणाची व जंताच्या औषधांची नोंद, अलीकडच्या तपासणीचा अहवाल, चालू औषधांची यादी, आपली नोंदवही व चित्रफिती, आणि पशुवैद्याचा संपर्क सोबत ठेवा. कुत्रा पूर्वी कोणाला चावला असेल तर ते कधी, कोणाला, जखम किती, हे सगळे न लपवता लिहून न्यावे. प्रशिक्षकाची आणि इतरांची सुरक्षितता त्या माहितीवर अवलंबून असते.

साहित्य फारसे लागत नाही.

• साधा सपाट गळपट्टा किंवा छातीपुढे कडी असलेला, खांद्यांची हालचाल न अडवणारा हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज)
• दीड ते दोन मीटरचा पट्टा. आपोआप लांबणारा पट्टा नको, कारण त्यात कायम ताण राहतो
• हाकेच्या सरावासाठी पाच ते दहा मीटरची लांब दोरी, जी गळपट्ट्याला न बांधता हार्नेसलाच बांधावी
• वाटाण्याएवढे मऊ खाऊचे तुकडे आणि कमरेला अडकवायची पिशवी
• घरून आणलेली चटई
• गरजेनुसार क्लिकर, म्हणजे कुत्र्याने बरोबर केले त्या क्षणी "टिक" असा आवाज करून ते कळवायचे छोटे साधन. चावण्याची शक्यता असल्यास जाळीदार मुसके, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते

मुसके एकदम चढवू नये. खाऊ देत देत त्याची सवय आधी लावावी.

करारात सत्रांची संख्या व कालावधी, वापरायची आणि न वापरायची साधने, सत्र रद्द झाल्यास काय, मध्येच थांबल्यास किती रक्कम परत, कुत्र्याला दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची आणि विमा आहे का, हे मुद्दे असावेत. कुत्र्याची चित्रफीत जाहिरातीत वापरण्याची परवानगी देणे बंधनकारक नसते. सगळी रक्कम आगाऊ भरू नका. पहिल्या भेटीचे पैसे वेगळे द्या आणि पुढचा विचार त्यानंतर करा.

९. पहिल्या काही सत्रांत काय पाहावे

चांगल्या सत्रात पट्टा बहुतेक वेळ आपल्या हातात असतो आणि प्रशिक्षक आपल्याला शिकवत असतो. सत्र संपल्यावर पुढच्या आठवड्यात काय करायचे ते स्पष्ट सांगितलेले असते, आणि सराव एका वेळी काही मिनिटांचाच असतो. प्रगती सरळ रेषेत होत नाही, म्हणून वहीतल्या नोंदी चालू ठेवा : घंटा वाजल्यावर तो पूर्वी किती वेळ भुंकायचा आणि आता किती वेळ भुंकतो, हे आठवणीवर सोडू नका. तीन-चार सत्रांनंतरही काहीच बदल दिसला नाही तर प्रशिक्षकाशी मोकळेपणाने बोला. जाणकार माणूस आराखडा बदलतो आणि कुत्र्याला किंवा पालकाला दोष देत बसत नाही.

वर्गाच्या दाराशी आला की कुत्रा मागे ओढू लागला, प्रशिक्षकाला पाहताच अंग चोरू लागला, किंवा पूर्वी नसलेली भीती घरी दिसू लागली, तर पुढचे सत्र तेथेच थांबवा. सत्र चालू असताना कोणी कुत्र्याला हिसडा दिला, मारले किंवा ठरले नसताना एखादे साधन त्याच्या गळ्यात घातले, तर संकोच न करता पट्टा आपल्या हातात घ्या, "आज एवढेच पुरे" असे सांगा आणि बाहेर पडा. भरलेल्या पैशांचे बोलणे नंतर लेखी करता येते. शरीरावर खूण किंवा सूज असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवून तशी नोंद घ्या. त्यानंतर काही आठवडे नवे काहीही न शिकवता नेहमीचे फिरणे, हुंगणे, खेळणे आणि झोप एवढाच दिनक्रम ठेवा, आणि पुढच्या प्रशिक्षकाला पहिल्याच फोनवर घडलेला प्रकार जसा झाला तसा सांगा.